बेंबीच्या डावीकडे

प्रिय ठमे,

तुझ्या बाबांनी मला अगदी वीट आणलाय. कातडीत, कातडीखाली, स्नायूत, शिरेत, कुठलं इंजेक्शन कुठे आणि सुई किती तिरकी, हे मी तीस वर्षं नर्सिंगच्या मुलींकडून घोटून घेतलं. पण घरातला हा एक विद्यार्थी काही केल्या ऐकत नाही. इन्शुलिन कातडीखाली द्यायचं आणि रोज जागा बदलायची, एवढंच तर आहे! पण हे रोज सकाळी बनियन वर करून बेंबीच्या डावीकडे बोट ठेवणार. तिथे दुखत नाही म्हणे. मांडीवर देते म्हटलं, की सरळ शिरेतच दे, एकदाची कटकट मिटू दे, म्हणतात. आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

साखर उतरेना, म्हणून डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. परवा त्यांनी पोट चाचपलं, तर त्याच जागी सुपारीएवढी गाठ. औषध तिथेच अडकून बसत होतं. इंजेक्शन कोण देतं, असं त्यांनी विचारल्यावर बाबांनी बेधडक सांगितलं, की मीच टोचून घेतो. मग डॉक्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. हे मान खाली घालून ऐकत राहिले आणि मी बाजूला फाईल धरून गप्प उभी. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

ठमे, उन्हाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतोय. मांडीवर दोनदा सुई हुकली, रक्त आलं, हिरवंनिळं झालं. त्यानंतरच यांनी ती एक जागा दाखवायला सुरुवात केली. मी रोज चिडत होते आणि हे मला सांभाळून घेत होते. नर्सिंगच्या परीक्षेत इंजेक्शन देताना तुझा हात थरथरला, म्हणून मी तुला सगळ्यांसमोर नापास केलं होतं; तू रडलीस तरी मी विरघळले नाही. आता जागा बदलायची, म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केलाय. साखर एकदम खाली जाऊ शकते, लक्ष ठेवायला सांगितलंय. मला आता सुई हातात घ्यायची भीती वाटते. रविवारी ये आणि त्यांना स्वतःचं स्वतः घ्यायला शिकव. माझं ऐकणार नाहीत ते. माझं मन दुखू नये म्हणून नाही म्हणतील, तेव्हा तूच जरा ओरड त्यांच्यावर.

तुला नापास करणारी, तुझीच
आई