कलईची चरवी

प्रिय छबू,

सलाम. मिशनच्या मडमेनं लिहायला शिकवलं तवा सांगितलं होतं, कागदावर आधी 'प्रिय' घालायचं आणि मग माणसाचं नाव. म्हणून घातलंय. तोंडानं मी तुला असं कधी म्हणले न्हाई, आणि आता म्हणायचा हक्क हाय का न्हाई ते कागद संपल्यावर तूच ठरव. तुला वाचता येत न्हाई, तवा हे तुझा सटवाच वाचणार. बाबा सटवा, आईला मोठ्यानं वाचून दाखव. तिला लागंल म्हणून मधलं काही गाळू नको. ल्हानपणी गूळ चोरून तोंड पुसायचास, तसा हा कागद पुसू नको.

एरवी माझी पत्रं मुंजाजी पाळक लिहितात. माझं बोलणं धुतात, वाळवतात, घडी घालतात, मग लिहितात. भावाला 'मेल्या, तुझ्या बायकोनं माझी उखळी कावून नेली रे?' असं सांगितलं तर पत्रात 'वहिनींस प्रभूत सलाम' असं निघालं. हे पत्र मात्र त्यांना सांगायची मला लाज वाटली. तवा चार दिस झाले, चुलीपाशी बसून मीच लिहिते. जोडाक्षर आलं की राहेलला हाक मारते. ती माझी नात, तू गेलीस तवा कडेवर होती. ती विचारते, "आजी, कुणाला एवढं लिहितीस?" मी म्हणते, "अक्षर सांग, चौकशा करू नको."

इकडं सगळं हाय तसं हाय. देवळावर पत्रे आलेत. पाऊस लागला की पाळकांचा उपदेश ऐकू येत न्हाई, तेवढं एक बरं झालं. मुनव्वर अजून बीडला मेवा विकतो, दाढी मेंदीनं लाल केलीय. मी मनुका घ्यायला गेले की तेच विचारतो, "क्यूं खाला, फिर दावत हाय क्या तुमारे रब की?" मी म्हणते, "हाय, पण तुला बोलावणं न्हाई, तू मापात मारतोस." तुला मात्र तो कायम मूठभर वर टाकायचा. म्हणायचा, छबुबाईनं माझ्या घरात चार पोरं काढली, चारी जगली, असा हात ह्या मुलखात दुसरा न्हाई. परवा तुझं नाव काढलं त्यानं. मी मनुका पदरात बांधल्या आणि खाली मान घालून निघाले.

माघात पाळक जालन्याला सभेला गेलते. आले ते थेट माझ्या अंगणात बसले. मी सुपात तुरीची डाळ घेतली होती. ते म्हणले, छबुबाई भेटली, दवाखान्यातली धुणी धुते, सुईणपण सोडलंय. दर रविवारी देवळात येते, मागं भिंतीला टेकून बसते, भजनं म्हणते. पण प्रभुभोजनाच्या दिशी मेजावरच्या भाकरी-पेल्यावरचं फडकं काढलं की उठून बाहेर जाते आणि लिंबाखाली बसून ऱ्हाते. आठ वर्षं झाली. पाळकांनी तुला कावून म्हणून विचारलं, तर तू म्हणलीस, "बाबा, माझ्या हातचं देवानं गोड करून घेतलं न्हाई. ज्याला माझा हात चालत न्हाई त्याला माझं तोंड कसं चालंल?" पाळक म्हणले, बघा बायनाबाई, किती नम्र बाई हाय. मी डाळ निवडत होते. ते उठून गेल्यावर बघितलं तर खडे सुपात होते आणि डाळ मातीत.

छबू, मोठ्या दुष्काळात आपण दोघी एका ढिगावर खडी फोडली. माझा म्हारवाडा ओढ्याच्या अलीकडं, तुझा मांगवाडा पलीकडं. माझी सासू तुमच्या वाऱ्यालासुद्धा थांबायची न्हाई. पण त्या साली ओढाच आटला. तू एका फुटक्या खापरात तांदळीचा पाला शिजवायचीस, वर मीठसुद्धा नसायचं, आणि मी तुझ्या हातातनं ओढून खायची. माझी धाकटी तुझ्याच हातात जन्मली आणि तुझ्याच हातात गेली. तिला पुरायला खड्डा तू खांदलास, मला उठवत नव्हतं. पुढं सिंदफणेच्या डोहात आपला बाप्तिस्मा एकाच दिशी झाला. मी आधी, मग तू. पाण्यातनं वर आलीस तर नाकातोंडात गाळ, आणि मी खदाखदा हसले. बाप्तिस्मा देणाऱ्या साहेबानं डोळे वटारले. तूबी हसलीस. त्या दिशी मला खरंच वाटलं होतं, की जात त्याच डोहात बुडून मेली. ती मेली नव्हती. उपाशी होती म्हणून निजली होती. माझं पोट भरलं तशी उठून बसली.

पोट कसं भरलं ते तुला ठाव हाय. मडमेनं मेजाचं काम माझ्याकडं दिलं. भाकरी माझ्या हातची, द्राक्षारसाच्या जागी मनुकांचं पाणी तेबी माझ्या हातचं. मनुका सांच्याला भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून फडक्यातनं गाळायच्या. त्यासाठी मडमेनं पितळेची चरवी दिली होती, आतनं पांढरीशुभ्र कलई. ती चरवी डोक्यावर घेऊन मी देवळाकडं निघायची ना, तवा पाटलाची सून ओसरीवर उभी ऱ्हाऊन बघायची. जिच्या सावलीला लोक बाजूला सरायचे तिच्या हातचं देवाच्या मेजावर जातं! मला लई चढली होती. पेला आधी आमच्या वाड्यातल्यांना जायचा, मग तुमच्या. असं कुणी ठरवलं नव्हतं. आम्ही पुढं बसायचो आणि तुमी मागं, एवढंच. मी म्हणायची, ज्याची त्याची जागा.

मग पाळक म्हणले, ह्या पुनरुत्थानाच्या रविवारी मेजाचं छबुबाई करंल, एकाच घरचा हात कावून लागावा. देवळात मी मान डोलावली. घरी येऊन राहेलच्या बापाला कारण नसताना शिव्या दिल्या. शनिवारी तू चरवी मागायला आलीस, अंगणातच उभी ऱ्हायलीस, उंबरा वलांडला न्हाईस. मी म्हणले चरवी कलईवाल्याकडं गेलीय, हे मडकं ने. तू म्हणलीस, "मडकंबी चालंल की बायना, देव काय भांडं बघतोय?" आणि हसत घेऊन गेलीस.

पुढचं सगळ्या मंडळीनं बघितलं. पाळकांनी घोट घेतला आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. गडीमाणसांकडं पेला गेला, एकानं खाकरलं, एकानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग बायांत आला. माझ्याकडं आला. खारट, छबू. डोळ्यात पाणी यावं असा खारट. देवाच्या मेजावर कोण काय बोलणार? मी बोलले. "हात कुणाचा लागलाय ते बघा की. हाताचा गुण हाय." हळू बोलले होते म्हणून आजवर मनाची समजूत घातली. हळू बोलले न्हाई. बरोबर तेवढंच बोलले जेवढं शेवटच्या रांगेला ऐकू जाईल. तू शेवटच्या रांगेत होतीस. पेला तुझ्याकडं आला तवा तू तो रिकामा केलास, मग मडक्यात उरलेलंबी सगळं प्यालीस, की मेजावरचं मातीत जाऊ नये. पदरानं पेला पुसलास. तुझ्या हाताला हाताचा गुण म्हणणारी मी पहिली नव्हते. पाटलाच्या सुनेपासनं मुनव्वरच्या बायकोपर्यंत सगळ्या तेच म्हणायच्या, पण पोरगं जगलं की म्हणायच्या.

सोमवारी तू मडकं घासून परत आणलंस. उंबऱ्याबाहेर ठिवलंस आणि म्हणलीस, "मडकं चांगलं हाय गं तुझं. माझ्यामुळं त्याला बोल लागंल म्हणून लख्ख घासलंय." जोंधळ्याच्या काढणीला सटवाला दवाखान्यात काम लागलं आणि तुमी गेलात. मी गाडीपाशी आले न्हाई. कोंबडी खुडूक बसलीय असं कुणाजवळ तरी सांगून पाठवलं.

आता मडक्याचं सांगते. ते आठ वर्षं शिंक्यावर रिकामं होतं. पाळक येऊन गेले त्याच आठवड्यात राहेलनं झाडलोट करताना खाली काढलं. म्हणली, "आजी, ह्याला बुरशी आलीय बघ, पांढरी." बाहेरनं सगळ्या अंगाला पांढरं फुटलं होतं. पोरीनं बोट लावून चाटलं. "अगं, मीठ हाय!" छबू, त्या मडक्यात तीन वर्षं कैरीचा खार होता. मातीचं भांडं मीठ पिलं की सोडत न्हाई, वरनं कितीबी घासा. हे मला ठाव नव्हतं असं लिहावं म्हणून मी चार दिस पेन्सिल धरून बसले. ठाव होतं. देताना राखेनं दोनदा घासलं आणि मनात म्हणले, तिला काय, चालंल. खारट व्हावं म्हणून दिलं न्हाई, एवढं खरं हाय. पण पहिला घोट जिभेला लागला तवाच मला कळलं होतं की हे माझं मडकं हाय. कळल्यावर बोलले मी ते.

आणि चरवी कलईवाल्याकडं गेलीच नव्हती. दाराच्या मागं खुंटीला होती, वर फडकं टाकलेलं. तू अंगणात उभी होतीस तवा तुझ्या नि तिच्या मधी दाराची एक फळी. तुझा हात लागला असता तर मला ती परत डोक्यावर घेववली नसती, म्हणून. ज्या हातानं माझ्या पोरीला माती दिली तो हात. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं न्हाई.

त्यानंतर आठ वर्षं मी दर वेळी पुढं बसून पेला घेतला. प्रभूची आठवण करा म्हणले की डोळे मिटायची. मला आठवायचं ते मडकं. पण पाणी गोड असायचं, गिळलं जायचं. तू लिंबाखाली बसलेली असायचीस आणि मी इथं गोड पीत होते.

आता हे कावून लिहिलं ते ऐक. माफी मागायला न्हाई. माफी मागितली की तू देशील, तुझा सोभावच तसा मेला, आणि मी पुन्हा सुटंन. मुनव्वरची गाडी मालाला जालन्याला निघालीय, तिच्यात हा कागद आणि ती चरवी देऊन पाठवते. कालच कलई करून आणलीय, ह्या वेळी खरंच. ती आता तुझी. मनुका भिजव, ताक ठेव, दवाखान्याच्या पोरांना पाणी पाज, पण तुझा हात तिला लागू दे. ह्या रविवारी मी ते पांढरं मडकं घेऊन मंडळीपुढं उभी ऱ्हाणार हाय आणि कुणाचा गुण होता ते सांगणार हाय. पण आधी तुला कळावं, मग मंडळीला. पाळकांना सांगितलंय, मेजाचं काम दुसरीकडं द्या आणि पेला मला न देता पुढं न्या. ते कारण विचारतात, त्यांनाबी रविवारीच कळंल. छबू, तुझ्या हातात काही वाईट न्हाई, कधी नव्हतं, देवानं तुझं काही परत केलेलं न्हाई. तवा पुढच्या वेळी फडकं काढलं की उठू नको. तू तिथं पेला घेतलास असा सटवाचा दोन ओळींचा निरोप येऊ दे, मग मी इथं घेईन, तुझ्या मागनं, शेवटच्या रांगेत बसून. न्हाई आला तर तू लिंबाखाली आणि मी इथं दाराबाहेर, दोघी उपाशी. आपण दुष्काळात एका खापरातनं उपास सोडलाय, तवा ह्या वेळी तुझ्याआधी मी तोंडाला काही लावणार न्हाई.

उंबऱ्याच्या आत कधी न घेतलेल्या माझ्या छबूची,
तुझीच,
बायना