वाजतंय तोवर

४ डिसेंबर

पोचले एकदाची. योकोते स्टेशनवर उतरले तेव्हा नुसती भुरभुर होती. फुमिए-सानच्या दारात येईपर्यंत बुटांत बर्फ शिरला आणि मोजे ओले झाले. तरी आनंदात आहे, हे आधी लिहून ठेवते.

कावासाकीत इतकी वर्षं मी गेम तपासायचं काम केलं. पात्राला भिंतीवर आपटत राहायचं आणि कुठे आरपार जातं ते लिहून द्यायचं. उन्हाळ्यात कंपनीने गाशा गुंडाळला. माझ्याकडे उरली एकच विद्या: हातात घेतलेल्या गेममधली एकही ट्रॉफी, म्हणजे आव्हान पुरं केल्याचं बक्षीस, सोडायची नाही. माझी आई हिला रिकामटेकड्यांची विद्या म्हणते. आज याच विद्येवर मला पगार, खोली आणि तीन वेळचं गरम जेवण मिळालंय. आईला मुद्दाम फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "जेवणात भाजी घेत जा."

फुमिए हाताकेयामा सत्तरीच्या, गुडघ्यांनी हैराण. त्यांचा मुलगा मासातो गेल्या महिन्यात वरच्या खोलीत वारला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. बेचाळीस वर्षांचा होता. त्याचा गेम अर्धा राहिलाय, तो मी पुरा करायचा. खातं त्याचंच आणि आवाज मोठा ठेवायचा. आवाज कशाला, ते सावकाश सांगेन म्हणाल्या. रात्री भाताच्या भाजलेल्या कांड्या घातलेला कोंबडीचा रस्सा होता. दोनदा वाढून घेतला.

६ डिसेंबर

गेम सुरेख आहे. एक टपालवाला डोंगरातून पत्रं पोचवतो, बस. पण ट्रॉफ्या ठरवणारा माणूस दुष्ट असावा. एक आव्हान आहे कंदील न लावता अख्खी खिंड ओलांडायचं. दुसरं आहे नदीतला प्रत्येक जातीचा मासा पकडायचं, आणि त्यातला एक मासा वादळातच येतो. मासातो-साननी अवघड ट्रॉफ्या आधी उरकायला घेऊन किरकोळ मागे ठेवल्यात. मीही तसंच करते. भेटलो असतो तर आमचं जमलं असतं.

आवाजाचं आज कळलं. मासातो-सान खोलीबाहेर येत नसत. बारा-पंधरा वर्षं. जेवणाचं ताट जिन्याच्या पायथ्याशी ठेवायचं, ते निजानीज झाल्यावर रिकामं होऊन यायचं, कधी दोन-दोन दिवस तसंच पडून राहायचं. बोलणं नाही, तोंड दिसणं नाही. पण ट्रॉफी मिळाली की कन्सोल टिंग करायचा, आणि खाली कोतात्सूच्या, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बैठ्या मेजाच्या, पांघरुणात पाय घालून बसलेल्या आईला तो ऐकू यायचा. त्या झाडूच्या दांड्याने छताला दोनदा टकटक करायच्या, म्हणजे शाबास. फारच अवघड ट्रॉफी असली की वरून तो टाचेने जमिनीवर दोनदा ठोकायचा. "एवढंच बोलणं व्हायचं आमचं," त्या म्हणाल्या. "पण रोज व्हायचं हो."

चहा थंड होईपर्यंत हातात धरून बसले.

९ डिसेंबर

खिंड जमली. टिंग! आणि लगेच पायांखालून टकटक. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. आजवर इतक्या ट्रॉफ्या मिळवल्या, पण खालून कुणी शाबास म्हटलं नव्हतं. मीही टाचेने दोनदा ठोकलं. मग वाटलं, हे करायला नको होतं. जेवताना फुमिए-सानचा चेहरा पाहिला आणि ठोकलं ते बरं झालं असं वाटलं.

त्या दिवसातून दोनदा जिना चढून मला बघून जातात. गुडघे धरून, पायरीगणिक थांबत. दाराबाहेरून विचारतात, "कानाए-सान, आहेस ना?"

शेजारचे इवासे-सान छपरावरचा बर्फ पाडायला येतात. मला म्हणाले, "पोरी, तुझ्या त्या खेळात बर्फ उपसायची ट्रॉफी असेल तर सांग, फावडं देतो." जाताना मात्र नीट बजावून गेले. वरचा रॉकेलचा हीटर जुना आहे, धुराची नळी भिंतीतून बाहेर काढलीय. तिच्या तोंडाशी बर्फ साचला तर न दिसणारा विषारी धूर खोलीतच राहील. ते रोज ती मोकळी करतात. मी मान डोलावली.

१३ डिसेंबर

मला इथे का बोलावलं, ते आज बाहेर आलं.

मासातो-सान सापडले तेव्हा त्यांना जाऊन दोन-तीन दिवस झाले होते, असं डॉक्टर म्हणाले. अंत्यविधीला नातेवाईक कुजबुजले, कसली ही आई, वर पोरगं मरून पडलंय आणि ही खाली कोतात्सूत बसलीय. फुमिए-सान सांगत राहिल्या, अहो, वाजत होतं. ते सगळे दिवस वाजत होतं. मी टकटक करत होते. कुणालाच पटलं नाही. नणंदेने तर डॉक्टरांना कान दाखवायला सांगितलं.

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. फक्त विचारलं, की त्या यंत्रात कधी काय मिळालं ते दिसतं म्हणे, तर बघून सांगशील का. माझे कान खोटे असतील तर तसं सांग, म्हणाल्या. झोप लागत नाही मला, असंही म्हणाल्या.

वर येऊन पाहिलं. प्रत्येक ट्रॉफीखाली तारीख आणि वेळ असते. डॉक्टर म्हणतात त्या दिवसानंतरच्या तारखा आहेत. रोज एक-दोन, अगदी दार उघडलं त्या सकाळपर्यंत.

१४ डिसेंबर

सांगितलं. म्हटलं, तुमचे कान खरे आहेत. डॉक्टर चुकले, गरम खोलीत अंदाज चुकतो. मासातो-सान त्या सकाळपर्यंत जिवंत होते. तुम्हाला उशीर झालाच नाही.

मला खरंच तसं वाटतं. दुसरं काय असणार?

फुमिए-साननी चटईला कपाळ टेकलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. मग हमसून हमसून रडल्या. मी पाठीवर हात फिरवत राहिले आणि तोंडातून निघून गेलं, की यापुढे माझ्यासाठीही जिना चढू नका. वाजतंय तोवर मी ठीक आहे असं समजा. ताट पायथ्याशी ठेवा, हातातलं उरकलं की घेऊन जाईन.

"खरंच चालेल?" त्यांनी विचारलं.

चालेल म्हटलं. त्या गुडघ्यांकडे बघवत नव्हतं.

२२ डिसेंबर

आज वर नीट बसवत नाही, म्हणून ओट्याशी बसून लिहितेय.

दुपारी आम्ही दोघी कोतात्सूत बसून संत्री सोलत होतो. वर टिंग झालं. फुमिए-साननी सवयीने झाडू उचलला, छताला दोनदा टकटक केलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी समोरच होते, हातात संत्र्याची फोड.

मी घाईने म्हटलं, कधीकधी नोंद उशिरा होते, मघाची असेल. त्या "हो का" म्हणाल्या आणि चहा ओतला. हात जराही हलला नाही. उलट चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं.

वर जाऊन पाहिलं. ट्रॉफी त्याच मिनिटाची. पूर आलेला असताना झुलता पूल ओलांडायचा, तोही दोन खेळाडूंनी मिळून. ती मी एकटीने मिळवूच शकत नाही. दुसरा कंट्रोलर टेबलाखाली असतो, मी त्याला कधी हात लावला नव्हता. आज लावला. कोमट होता.

२९ डिसेंबर

जायचं ठरवलं होतं. पिशवी भरलीही. मग फुमिए-सान म्हणाल्या, की आता रात्रभर गाढ झोप लागते, तुझे उपकार, नवीन वर्षाचं सूप माझ्या हातचं खाऊनच जा. पिशवी परत रिकामी केली.

डॉक्टर चुकले नव्हते. हे आता मला माहीत आहे. तो जाऊनही वाजवत होता. आईने गुडघे धरत वर येऊ नये, दार उघडून ते पाहू नये, म्हणून. मला त्याची भीती वाटते, पण रागावता येत नाही. आणि हे फुमिए-सानना सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यांची सगळी झोप माझ्या एका वाक्यावर टेकली आहे. ते काढून घेतलं तर त्या पुन्हा तेच म्हणत बसतील, मी खाली बसून होते, मी खाली बसून होते.

इवासे-सान कंबर धरल्यामुळे सेंदाईला मुलीकडे गेले. बर्फ थांबत नाही.

४ जानेवारी

सूप छान होतं. सुपातली तांदळाची मोची दाताला चिकटली, दोघी हसलो.

डोकं जड आहे. सर्दी असेल. खिडकी गोठून घट्ट बसलीय. छपरावरून बर्फाचा मोठा लोंढा घसरला, सगळं घर हललं. आता खिडकीबाहेर नुसतं पांढरं दिसतं.

तीन ट्रॉफ्या मिळाल्या आज. माझी एक.

६ जानेवारी

उलटी झाली. ताट आणायला उठले तर जिन्याशी पोचायच्या आत बसावं लागलं. परत फिरले. जरा पडते, मग खाली जाऊन सांगते की बरं नाही.

टिंग. खालून टकटक.

ती मी नव्हते.

७ जानेवारी

उजाडलंय. किंवा दुपार असेल. उभं राहवत नाही. हाक मारली, पण घशातून नुसती हवा येते. दुसऱ्या कंट्रोलरचा दिवा लागलाय. पडद्यावर टपालवाला चालतोय, खांद्यावर पिशवी घेऊन, एकेका दारात थांबत —

खाली ताट तसंच असणार. फुमिए-सान कुणाशी तरी फोनवर बोलतायत. ऐकू आलं, "हो, जेवायची शुद्ध नाही तिला. मासातोही असाच होता. पण वाजतंय ना सारखं, मजेत आहे."

नळी. इवासे-सान म्हणाले होते — नळीच्या तोंडाशी —

हीटर लांब आहे. हात पोचत नाही.

कन्सोलची तार पायाजवळ होती. ओढून काढली. पडदा काळा झाला. किती बरं वाटलं. आता वाजणार नाही. आता त्या वर येतील.

टिंग.

८

टाचेने ठोकलं. जोर लावून, दोनदा. वर या, म्हणून.

खालून टकटक. दोनदा. शाबास.

पुन्हा ठोकलं. पुन्हा टकटक. त्या हसल्या, ऐकू आलं.

मासातो-सान, तुम्ही वाईट नाही. तिने काळजी करू नये एवढंच तुम्हाला कळतं. पण एकदा थांबा. एकदाच. तिला काळजी करू द्या —

थांबलं.

बराच वेळ काही नाही. नुसता हीटर.

खाली काहीतरी सरकलं. हाक आली, "कानाए-सान?" मग पुन्हा, "पोरी, आहेस ना?"

जिना. पहिली पायरी. थांबल्या. दुसरी. गुडघे धरून चढतायत. येतायत. आई, भाजी खाईन, खरंच — तिसरी —

टिंग.

पाऊल थांबलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, घाबरवलंस की."

मी ठोकू बघते आहे. टाच उचलवत नाही. त्या उतरतायत, एकेक पायरी, सावकाश. आता झाडू घेतील आणि