संत निकोलाच्या दिवसाचं निमंत्रण

प्रिय वुकाशिन,

तुझं कार्ड पोचलं. जाड कागद, सोनेरी कडा, वर आपला संत निकोला आणि त्याच्या दाढीखाली व्हिएन्नातल्या हॉटेलचा पत्ता. पोस्टमनने ते फाटकावरूनच हातात दिलं आणि विचारलं, "ल्युबिंकाबाई, कुणाचं लग्न?" मी म्हटलं, "लग्न कसलं! माझ्या भावाची अक्कल वारली, तिच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आहे."

कुळाच्या संताच्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही, वुकाशिन. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेणबत्ती लावायची, गहू शिजवायचा आणि दार उघडं ठेवायचं. यायचा तो येतो. वैरी आला तरी त्याला खुर्ची द्यावी लागते. बोलावणी धाडायची म्हणजे ज्यांना धाडली नाहीत त्यांच्या तोंडावर दार आपटायचं. आणि तू ते सख्ख्या बहिणीला धाडलंस! वर खाली बारीक अक्षरांत छापलंस, 'येणार की नाही ते कृपया कळवावे.' परदेशात राहून माणूस इतका सुधारतो याची मला कल्पना नव्हती.

कार्डाच्या मागे जेवणाचा बेत आहे. भाजलेलं डुकराचं पिल्लू! संत निकोला दरवर्षी नाताळआधीच्या बिनमांसाच्या उपासातच येतो. आपल्या घरात त्या दिवशी मासा आणि घेवड्याच्या दाण्यांची भाजी याखेरीज कधी काही शिजलेलं तू पाहिलंस का? शेजारच्या मिलुनकाकांना मी हे वाचून दाखवलं, तर हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाले, "पोरी, त्याला लिही, आधी पिल्लाला पोहायला शिकव. मग मासा म्हणून खपेल." त्याखाली आहे वाजंत्री. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. मी काळे कपडे उतरवलेले नाहीत आणि तू अकॉर्डियनवाले ठरवून मोकळा!

बाबांचं ते शेवटचं मोठं जेवण तुला आठवत नसेल. अडचणीच्या गोष्टी तू नेमक्या विसरतोस. घर पाहुण्यांनी भरलं होतं. बाबा उठले, सगळ्यांसमोर त्यांनी मेणबत्ती तुझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरा, आता हा दिवस तू सांभाळ. माझे हात कापायला लागलेत." आपल्यात बाप मुलाला याहून मोठं काही देत नाही. आणि तू काय बोललास? "बाबा, मला मेणबत्ती कशाला? आमच्याकडे वीज आहे." कुणीही हसलं नाही, तू सोडून. बाबांनी मेणबत्ती परत घेतली, पाहुण्यांचे पेले भरले आणि त्यानंतर मरेपर्यंत त्या कापऱ्या हातांनी स्वतःच लावली. तुझं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. ते गेले तेव्हा तू माती लोटल्यावर पोचलास, ट्रॅक्टरच्या चाकाएवढं पुष्पचक्र घेऊन. त्याच्या फितीवर तुझ्या कंपनीचं नाव होतं. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोललेले नाही. आईच्या वेळी वेळेवर आलास, एवढं मान्य करते. खड्ड्याच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. जणू दोघं दोन वेगवेगळ्या मयतांना आलो होतो.

तू देश सोडलास याचा मला राग नाही. अर्धं गाव गेलंय, पोट सगळ्यांना आहे. भाकरीसाठी घर सोडण्यात कसली लाज? लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीत. बाप समोर जिवंत असताना त्याच्या हातातल्या ज्योतीची टर उडवायची आणि तो गेल्यावर तीच ज्योत भाड्याच्या दिवाणखान्यात पेटवून पाहुण्यांना दाखवायची, 'बघा, आमची परंपरा!' तुझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांना मुळं नको असतात, मुळांचे फोटो हवे असतात. बापापुढे वाकायला तुला कंबर नव्हती, बापाचा संत मिरवायला मात्र खांदा आहे.

आईने तुला कधी सोडलं नाही. वेडी बाई! दरवर्षी संताच्या दिवशी कुत्रं भुंकलं की ती एप्रन सारखा करायची आणि खिडकीशी जायची. मी म्हणायचे, "आई, तुझा लाडका दिवटा तिकडे कॉफीत बिस्किट बुडवत बसलाय." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "ल्युबिंका, तुझ्या जिभेने गवत कापता येईल. गप्प बस आणि माशाला मीठ लाव." गेल्या वर्षी कुत्रं दोनदाच भुंकलं. एकदा पाद्री आले, एकदा मिलुनकाका. आई दोन्ही वेळा खिडकीशी गेली.

आता कार्डाच्या कोपऱ्यात तू निळ्या पेनाने खरडलेल्या ओळीबद्दल. 'ताई, ये ना. मला तो गहू करता येत नाही.' म्हणजे पिल्लू आहे, वाजंत्री आहे, सोनेरी कडा आहेत, फक्त ज्यावाचून त्या दिवसाला अर्थ नाही ते तेवढं नाही! ती ओळ वाचून मी कार्ड चुलीत घालायला निघाले होते. मग घातलं नाही. का ते विचारू नकोस.

गहू आदल्या दिवशी भिजव. मंद आचेवर दाणा फुटेपर्यंत शिजव, मग गार पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्यावर पसर आणि ओल जाऊ दे. मगच वाट. त्यात अक्रोडाचा कूट आणि साखर. घाई केलीस तर चिखल होईल, आणि तू घाई करणारच.

मी व्हिएन्नाला येणार नाही. हे कळवायला एक ओळही पुरली असती, एवढं लांबण लावायचं कारण वेगळं आहे. यंदाही मी संताचा गोल पाव भाजणार आहे. त्याच्यावर सुरीने क्रूस कापतात, वाइन ओततात, मग समोरासमोर उभं राहून तो धरतात, फिरवतात आणि दोघांनी मिळून मोडतात. आधी आई-बाबा मोडायचे, नंतर आई आणि मी. एकट्या माणसाला तो फिरवता येत नाही. मी करून पाहिलं, परवा, साध्या पावावर. तो हातातून निसटून जमिनीवर पडला आणि मी त्याच्याशेजारी खाली बसले, बराच वेळ. पाद्री म्हणाले, मी धरतो. मिलुनकाका म्हणाले, मी धरतो. दोघांनाही मी नाही म्हटलं. तुझी ती पंगत दुसऱ्या कुठल्या दिवशी घाल, तुझ्या पाहुण्यांना तारखेचं काय! चढावर चिखल आहे, तुझी ती चकचकीत मोटार खालीच ठेव आणि चालत वर ये. पावाची एक बाजू मी धरीन. दुसऱ्या बाजूला घरचाच हात लागतो, आणि या घरचं म्हणावं असं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
ल्युबिंका