पणजीबाई दारात अडकल्या

सोलापूर,
फेब्रुवारी २००७

चि. बसू यास,

तुझ्या हेमावतीताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ आणि वहिनीचा खोकला कुठवर आला ते कळव. आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि हे वाक्य महिनाभरात आज पहिल्यांदा खरं लिहितेय.

आपल्या धनलक्ष्मीचं मस्कतला दिवस भरायच्या आत बाळंतपण झालं, बाळ काचेच्या पेटीत ठेवलं, हे तुला ठाऊकच. फोनवर पोरगी नुसती रडायची. परवा बाळ एकदाचं आईच्या मांडीवर आलं आणि जावईबापूंनी निरोप धाडला, मायलेकींना कॉम्प्युटरवर दाखवतो. इकडे आमच्या सासूबाई मांडीचं हाड मोडून मागच्या खोलीत पलंगावर. पणतीला बघितल्याबिगर घास घेणार न्हाय, असा त्यांचा हट्ट. म्हणून ह्यांनी ओळखीतून लॅपटॉप मागून आणला आणि पुण्याहून वायरलेस राउटर मागवला. (वायरलेस म्हणे! खोक्यातून वायरीच निघाल्या. हे फोनवर दुकानदाराशी किती भांडले!) दोन शिंगांची ती पेटी टीव्हीवर बसवली, हिरवे दिवे लुकलुकले. गल्लीत असलं काही कुणाकडे नाही, म्हणून बायका बघून गेल्या. शेजारच्या नागम्मानं तर तिला हळदकुंकू लावलं.

पण आमच्या भिंती दगडी. पुढच्या खोलीत चालायचं, लॅपटॉप मागे नेला की सगळं गप्प. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "ते आत येत न्हाय तर मला भाईर न्या की!"

झालं. हे आतून, नागम्माचा अजिंक्य बाहेरून, असा दोघांनी सासूबाईंसकट पलंग उचलला आणि तो दाराच्या चौकटीत घट्ट बसला. पुढे जाईना, मागे येईना. मी बाहेर, हे आत (नुसत्या बनियनवर), मध्ये सासूबाई. अजिंक्य सुताराला आणायला पळाला आणि तेवढ्यात लॅपटॉप वाजायला लागला.

मी तो तसाच त्यांच्यापुढे धरला. बसू, त्या चौकटीत रेंज होती रे! आधी नुसते ठिपके, मग धनलक्ष्मी दिसली, हसत होती. मांडीवर मूठभर बाळ. त्यानं आमच्याकडे बघून चांगली मोठी जांभई दिली. सासूबाईंनी पडद्यावरून हात फिरवला. "नम्म कूसु," म्हणाल्या, "लेकरू माझं. लई बारीक हाय, पण नाक आपल्या घरचं हाय." हे पलंगाखालून रांगत बाहेर आले (येता येत होतं, हे तोवर सुचलंच नव्हतं) आणि बनियनलाच डोळे पुसत राहिले.

सुतारानं पलंगाचे पाय काढून सुटका केली. सासूबाई दीड भाकरी जेवल्या. माझा जीव भांड्यात पडला.

तुझी,
हेमावतीताई

ता.क. पत्राचं कारण राहिलंच. धनलक्ष्मी मला बोलावतेय. तू आणि वहिनी दोन महिने इथे येऊन सासूबाईंजवळ राहा. त्या तुझंच ऐकतात.

ता.क. २. विचार करून कळवतो, असं लिहू नकोस. माझं तिकीट काढून झालंय.