बाळंतिणीच्या खोलीतली भिंत

३ नोव्हेंबर, सोमवार

आज बारामतीला आले. वाजिदनं, माझ्या पोरानं, बावड्याहून गाडीत बसवलं तवा आळीतल्या बाया अशा बघत होत्या जसं काय मी हजलाच निघालेय. सामान म्हंजे पत्र्याची पेटी, दोन वाकळा आणि अडकित्ता. शाहीननं, सुनेनं, पेटीकडं बघून तोंड असं केलं की आत कोंबड्याच हायत. पण चहा चांगला केला. दुधात हात आखडला न्हाय.

ही वही सिमरननं दिलीय. सिमरन म्हंजे वाजिदची पोरगी, पुण्याला दिलेली. मी रोज फोनवर तिचं डोकं खाते. ती म्हणाली, दादी, आता दिवसभरातलं लिहून ठेव, आले की सगळं वाचंन. माझं शिक्षण चौथी. तीबी पुरी न्हाय. पण अक्षर वाजिदपेक्षा बरं हाय.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सिमरन चोवीस तारखेला येणार. तिच्यासाठी खालची मागची खोली सजवलीय. तवर त्या खोलीत मी झोपायचं. वाजिद म्हणाला, अम्मा, खोली उबवून ठेव. मी म्हणलं, मी काय खुडूक कोंबडी हाय? हसला. लई दिसांनी हसला.

घर झ्याक हाय. नळाला गरम पाणी येतं. आज लई बरं वाटतंय.

५ नोव्हेंबर

वाजिदचा धंदा भिंतींना कापड नेसवायचा. दुकानात मोठाली पुस्तकं हायत, पान उलटलं की नवी भिंत. एक गवताची, एक तागाची, एक हातमागाच्या लुगड्यासारखी, एक वाळूवरून वारा गेल्यासारखी. हात फिरवला की खरंच वाटतं. माझा अर्धा जन्म भिंती सारवण्यात गेला. लोकांनी ती घरं पाडून सिमेंटची बांधली, आणि आता त्या सिमेंटला माती नेसवायला वाजिदला बोलावतात. मी म्हणलं, मला लाव की कामाला, शेण मी आणते. शाहीन म्हणाली, अम्मा, गिऱ्हाइकासमोर असलं बोलू नका.

मागच्या खोलीतली भिंत त्यानं स्वतः केलीय, लेकीसाठी. तागाच्या कापडावर डिंक घालून उजनी धरणाचा गाळ थापलाय, पाणी हटल्यावर भुईला भेगा पडतात तशा भेगा ठेवल्यात, मधी पाणकणसाच्या काड्या. असल्या भिंतीला त्यानं नाव दिलंय बॅकवॉटर. पाळणा तिच्यापुढंच टांगायचा हाय. दिसते छान. खोटं कशाला बोलू.

नऊला नवराबायको दुकानात जातात ते दिवेलागणीला येतात. समोरची माधवी रोज मला हात करते आणि दार लावून घेते. तेवढीच आमची ओळख. घर इतकं गप्प की फ्रिज बोलला तरी मी व्हय म्हणते.

७ नोव्हेंबर

दुपारी भिंतीला ओल दिसली. गुडघ्याएवढ्या उंचीवर, भाकरीएवढी. वाजिदनं गोकुळ प्लंबरला धाडलं. त्यानं ठोकून बघितलं आणि म्हणाला, आजी, ह्या भिंतीत पाइपच न्हाय, तुमच्याच हातनं काय सांडलं असंल. मी म्हणलं, मी भिंतीला पाणी पाजत न्हाय बाबा. तर म्हणतो, वय झालं की आठवत न्हाय. त्याचा पाना माझ्याच खाटेवर विसरून गेला.

वास येतोय. भिगवणला पाणी मागं सरलं की येतो तसला, मासळीचा आणि कुजल्या गवताचा.

१० नोव्हेंबर

ओल वाळत न्हाय. पसरतबी न्हाय. हात लावून बघितला. ओल गार असते. ही कोमट हाय.

एका भेगेतून केस लोंबत होता. गाळात शेळीचे केस मिसळत असतील म्हणून ओढला. मऊ, बारीक, अर्ध्या बोटाएवढा. शेळ्या मी चाळीस वर्षं राखल्या. हा शेळीचा न्हाय. हे जावळ हाय. लेकराच्या डोक्यावरचं, पहिलं.

वाजिदला दाखवायला पदराच्या गाठीत बांधलं. तो थकून आला, जेवला आणि फोनमधी तोंड घालून बसला. न्हाय दाखवलं.

११ नोव्हेंबर

भिंत बघायला वाजिदनं दगडाबाईला धाडलं. ती कन्हेरीची. वाजिदच्या कारखान्यात गाळ थापायचं काम करते. माझ्याएवढीच असंल, दात माझ्यापेक्षा कमी. दोघी बसलो. इतक्या दिसांत पहिल्यांदा कुणी माझ्याशी बोलायला टेकलं.

मी विचारलं, ही माती आणली कुठनं गं? ती म्हणाली, दोन उन्हाळ्यांमागं धरण पार तळाला गेलं होतं तवा शेठ ट्रॅक्टर घेऊन आमाला घेऊन गेले. शेतकरी सखलातला गाळ ओढत होते, काळा, चिकट. शेठना तो पसंत पडंना. मग एक उंचवटा घावला. दोन चिंचांचे खुंट, आणि त्यांच्या मधी माती काय सांगू खतिजाभाभी, लोण्यावाणी, एक खडा न्हाय, जशी कुणी चाळून ठेवलीय.

मी कपातला चहा संपवला. मग मोरीत जाऊन वकले.

दोन चिंचांच्या मधी आमच्या गावचं कब्रस्तान होतं. गाव धरणात गेलं. रोज पाण्याला जाताना मी त्या चिंचा बघितल्यात. माती चाळून ठेवल्यावाणी का असंल ते मला विचारा, पिढ्यान्‌पिढ्या तितं कबरीच खणल्यात.

१२ नोव्हेंबर

आता लिहितेच. सिमरन वाचंल तर वाचू दे.

वाजिदच्या आधी मला मुलगी झाली होती. सहा दिवस जगली. सातव्या दिवशी जावळ काढून नाव ठेवतात, ते राहिलं. आमच्याकडं बाया कब्रस्तानात जात न्हाईत. माझा नवरा, इब्राहिम, तिला दोन्ही हातांवर घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी आला. कुठल्या अंगाला ठेवली ते मी विचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापल्या. खाणारी तोंडं होतीच.

पुढच्या साली पाणी आलं. गावानं दारं नेली, तुळया नेल्या, मशिदीतलं घड्याळ नेलं. कबरी कोण उचलून नेतंय. आमी बावड्याला आलो, वाजिद तितं झाला. त्याला बहीण होती हे मी त्याला कधी सांगितलं न्हाय. गाव कुठं होतं, चिंचा कुठं होत्या, कायबी न्हाय. गेलेलं उकरून काय करायचं असं वाटायचं. तोंड उघडलं असतं तर त्यानं तितं फावडं घातलं नसतं.

पोराची चूक न्हाय. माझी हाय.

१४ नोव्हेंबर

सांगितलं. सगळं. वाजिदनं हातातला फोन उपडा ठेवला. मग म्हणाला, अम्मा, पन्नास वर्षं पाण्याखाली राहून काय उरतंय, माती ती माती. पण बोलताना भिंतीकडं बघत नव्हता. मी म्हणलं, सिमरन यायच्या आत ही काढ आणि जिथली हाय तितं नेऊन टाक. तो म्हणाला, आता धरण भरलंय, उंचवट्यावर चार पुरुष खोल पाणी असंल. आणि कापड असं चिकटलंय की गिलाव्यासकट निघंल, खोलीत धूळच धूळ व्हईल. बाळंतपण होऊ दे, मग काढतो.

शाहीन आतल्या खोलीत त्याला म्हणत होती, त्यांना एकटं राहून भास व्हायला लागलेत, डॉक्टरला दाखवू. कान माझे अजून शाबूत हायत.

सिमरनला फोन केला. येऊ नको म्हणलं. ती हसली. म्हणाली, दादी, तू एकटी पडलीस म्हणून असं होतंय, मी आले की बघ कशी गप्पा मारत बसते.

तिला कसं सांगू. मला वाईट कुणाचं वाटत न्हाय, त्या भिंतीतल्या पोरीचंबी न्हाय. सहा दिवसाचं लेकरू वाईट कसं असंल? पण त्याला कोण आई, कोण परकी, काय कळत न्हाय. दुधाचा वास आला की तिकडं वळतं. हाताला लागंल ते धरतं. धरलं की सोडत न्हाय.

१६ नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला होता. उठले तर पोलकं भिजलेलं. दोन्हीकडं. सदुसष्टाव्या वर्षी.

वास घेतला. दूध न्हाय. उजनीचं पाणी.

पोलकं धुऊन वाळत टाकलं. शाहीन आली तवा विचारलं, तांदूळ किती टाकू. दुसरं काय बोलणार.

१७ नोव्हेंबर

मौलानांकडं निरोप धाडला. त्यांचा निरोप आला, फातेहा वाचा आणि माती मातीत पोचवा. पोचवा म्हणं. चार पुरुष पाण्याखाली.

वाजिदनं भिंतीपुढं कपाट सरकवलं. मला म्हणाला, आता दिसत न्हाय ना? जेवताना मधीच उठून त्यानं खिडकी उघडली. त्यालाबी वास येतोय. तो कबूल करणार न्हाय, बापावर गेलाय.

१८ नोव्हेंबर

दुपारी बघितलं तर कपाट भिंतीपासनं हातभर पुढं आलं होतं. सारवल्या हातानं ढकलल्यावाणी, मागच्या फळीवर मातीचे ठिपके. बारीक बारीक. पाच-पाच.

परसातलं खुरपं आणलं. म्हणलं, वाजिद काढत न्हाय, मी काढते. ओलीपाशी घातलं. गाळ निघाला. खाली ताग पाहिजे. ताग न्हाय. त्याच्या खाली सिमेंट पाहिजे. सिमेंट न्हाय. मातीच. खुरपं मुठीपर्यंत गेलं तरी मातीच. मऊ. चाळल्यावाणी.

भिंतीच्या पल्याड मोकळी जागा हाय, तितं लसणाचे वाफे हायत. मी जाऊन बघितलं. पल्याडनं भिंत चांगली हाय. कोरडी.

२० नोव्हेंबर

आज आवाज आला. रडणं न्हाय. चुटूचुटू. तोंडात कायबी नसताना लेकरू चोखतं तसा.

घरात कुणी न्हाय. समोर माधवीचं दार लावलेलं. हाक मारली, टीव्ही मोठा होता.

खुरप्यानं पडलेल्या भोकात मी बोट घातलं. का घातलं मला माहीत न्हाय. कोमट माती. मग—

धरलं.

पाच बोटं. एवढी एवढी. माझ्या एका बोटाभवती. आणि आवाज थांबला.

बोट ओढून घेतलं तर सालटं निघालं. त्यानंतर जे रडणं सुरू झालं ते वाजिदची गाडी दारात येईस्तवर.

वाजिद आला, म्हणाला, अम्मा, कसलं मांजर रडत होतं?

२१ नोव्हेंबर

सिमरनचं पोट उतरलंय म्हणं. डॉक्टरनं सांगितलं, जायचं तर आत्ताच जा. उद्याच येतीय.

मी वाजिदचे पाय धरले. पोटच्या पोराचे. दुसऱ्या खोलीत ठेव तिला, वरच्या खोलीत, दुकानात, कुठंबी. त्यानं मला उठवलं. रडला. म्हणाला, अम्मा, तू तिला भिववू नकोस, तुझ्या पाया पडतो. वर जिने हायत, तिला चढवत न्हाईत. उद्या तुला डॉक्टरकडं नेतो.

माझं कुणी ऐकत न्हाय. एक भिंतीतली ती ऐकते. मी खोलीत आले की गप होते.

मग मीच बसते तिच्याजवळ. आई हाताशी असली तर तिला दुसरी कुणी कशाला लागंल.

२२ नोव्हेंबर

दोघं पुण्याला गेलेत, सिमरनला आणायला. खोलीची कडी आतनं लावली. खाट दाराला लावली. भिंतीपुढचं कपाट सरकवलं.

हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. लगेच धरलं.

अक्षर वाकडं हाय. डाव्या हातानं लिहितेय. उजवा भिंतीत हाय.

दुपार

दुखत न्हाय. मुंग्या येतात. ती चोखतेय बोट. मी बोलतेय. पन्नास वर्षांचं बोलायचं होतं, कुणाजवळ बोलणार. नाव काय ठेवू विचारलं. माती हालली.

पोलकं भिजलंय. भिजू दे. पी बाई.

गाडीचा आवाज. आले.

वाजिद दार ठोकतोय. अम्मा, कडी काढ. शाहीन वरडतेय. मी म्हणलं, तिला वर न्या, आधी तिला वर न्या. ऐकत न्हाईत.

सिमरनचा आवाज. दादी, मी आलेय गं, दार उघड. दाराला टेकून उभी हाय. श्वास ऐकू येतोय, जड. म्हणते, दादी, माझ्या पोटात कळ—

चोखणं थांबलं.

न्हाय बाई. हितं. हितं बघ. मी हाय ना. घट्ट धर, तोड हात, पण धर, तिच्याकडं न्हाय, मी हाय हितं, मी तुझी—

कडी तुटली. खाट सरकली. दार उघड

सिमरन आत

हिनं माझं बोट सोड—