कार्डावरची मुलगी

प्रिय ताई,

ढब्बू माझ्याकडे आहे. सुखरूप आहे, जेवते, काल तर केसही विंचरले. तुझ्या लेकीची खबर पहिल्याच ओळींत दिली, कारण तुला कादंबरीचंही शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे. तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, माझ्या जन्मापासून तेच चाललंय. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हे हातोहात पाठवते आहे.

आधी तुझं अभिनंदन. तू तयार केलेली ती पेटी आमच्या विद्यापीठात पोचली. झाकणावर हसरा सूर्य, खाली ‘विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य’, आणि आत कार्डंच कार्डं. पुढच्या बाजूला कुणा मुलाची नाहीतर मुलीची हकीकत, मागच्या बाजूला तिच्याशी मित्रमैत्रिणींनी काय बोलावं. वर्गात चौघाचौघांचे गट करायचे. एकाने कार्डावरचं माणूस व्हायचं, दुसऱ्याने त्याला धीर द्यायचा, उरलेल्यांनी चुका काढायच्या. कल्पना चांगली आहे, खोटं कशाला बोलू? माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला तर पहिल्यांदाच कळलं की सतत छाती धडधडण्यालाही नाव असतं आणि औषध असतं. तास संपल्यावर तो सरळ दवाखान्यात गेला. त्याचं पुण्य तुला लागेल. तुला त्याची गरजही आहे.

माझ्या हाती कार्ड आलं ते दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं, रसायनशास्त्र शिकणाऱ्या. वर्गात जात नाही, आंघोळ करत नाही, मैत्रिणी दिसल्या की रस्ता बदलते. म्हणते, अंगावर कुणीतरी ओलं पांघरूण टाकून ठेवल्यासारखं वाटतं. माझ्या भौतिकशास्त्राचं रसायनशास्त्र केलंस, केवढे कष्ट घेतलेस गं! पण पांघरूण माझं होतं, ताई. एकोणिसाव्या वर्षी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी ते वाक्य बोलले होते, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणापाशी बोलले नाही.

तर मी वर्गात मीच झाले. समोर मला धीर द्यायला दातांना तारा लावलेली एक गोड पोरगी. तिने कार्ड उलटून वाचून दाखवलं की तुझ्या भावना मला समजतात. मला हसू फुटलं ते थांबेचना. गटाने चूक काढली, आजारी माणूस असा हसत नाही म्हणून. आमचे सर वयाने माझ्याहून लहान, पण भला माणूस. त्यांनी समजुतीने सांगितलं की तुम्हाला ही भूमिका नीट कळलेली दिसत नाही, ही मुलगी एवढी चिडकी नसावी. मग माझं कार्ड दुसरीला दिलं. तिने छान रडून दाखवलं, टाळ्या मिळाल्या.

आणि मागच्या बाजूला शेवटी काय छापलंस? घरच्यांनी लाज न बाळगता साथ दिली. अगं, तू गावभर कावीळ सांगितली होतीस! भेटायला येणाऱ्यांना पटावं म्हणून मी महिनाभर उकडलेलं, बिनफोडणीचं गिळलं. मोठी आत्या येऊन माझी पापणी खाली ओढायची, पिवळेपणा शोधायची आणि वर सापडला म्हणून सांगायची. आई मला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती, तर तू दारात उभी राहिलीस, म्हणालीस की एकदा शिक्का बसला की तो जन्माचा. आईची तुझ्यापुढे कधी बोलायची टाप होती? माझं शिक्षण सुटलं ते तेव्हाच. आज तिशीला टेकल्यावर, स्वतःच्या पगारातून औषधं घेत, पोरासोरांच्या बाकावर पुन्हा येऊन बसले आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. पण पाषाण निदान आपलं ज्ञान पेटीत भरून वर सूर्य तरी काढत नाही.

हेही मी गिळलं असतं. तुझा राग करायची मला आता सवय झाली आहे, त्यावाचून करमत नाही म्हटलंस तरी चालेल. पण ह्या वेळी तू माझ्याशी नाही, पोटच्या पोरीशी तसं वागलीस.

त्या दिवशी स्वयंपाकघरात ढब्बू तुला म्हणाली, की आई, सकाळी डोळे उघडले की वाटतं, अजून एक दिवस आला, आता ह्याचं काय करू. एवढं म्हणायला तिने किती दिवस धीर गोळा केला होता ते तिलाच ठाऊक. आणि तू म्हणालीस, थांब थांब, कसं म्हणालीस, पुन्हा म्हण, आणि ओले हात पुसून पेन शोधायला लागलीस. तिने पुन्हा म्हटलं नाही. पायांत चप्पल सरकवली आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. पाणीही न पिता म्हणाली, मावशी, मला ते पुन्हा सांगायला लावू नकोस. मी लावलं नाही; दोन दिवसांनी तिनेच आपणहून सगळं सांगितलं. तिला डॉक्टरांना दाखवलंय, आजाराचं खरं नाव सांगून, कावीळबिवीळ नाही. वेळेत आणलीत, सावरेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही, पण तिला आहे. तिचं म्हणणं एवढंच, की आईने यावं, समोर बसावं आणि मी बोलेन तेव्हा नुसतं ऐकावं. मी तिला स्पष्ट सांगितलं, तुझ्या आईला ते जमायचं नाही, उगाच आशा धरू नकोस. तर म्हणाली, विचारून तर बघ ना. म्हणून विचारते आहे.

तुझीच, नाइलाजाने,
धाकटी