बाईंची खुर्ची

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, तिन्ही वानरांना पापे. इकडे सगळं ठीक. तुझं डोकं परत उठलं होतं म्हणे, आईने फोनवर सांगितलं. त्यावर शेवटी लिहिते.

दवाखान्यात मला कुटुंब नियोजनाच्या खोलीत टाकलंय, मोठ्या सिस्टरच्या हाताखाली. सगळे त्यांना बाई म्हणतात. काय माणूस आहे गं! खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर बसते आलेली पेशंट, आणि बाई स्टुलावर. बरोबरचे नवरे, सासवा, सगळे दाराबाहेर.

परवा एक बस चालवणारी आली. दोन मुलं, तिसरं नकोच. बाईंनी गोळ्या, तांबी, निरोध, इंजेक्शन सगळं तिच्यापुढे मांडलं, हाताळू दिलं. कशाचा काय त्रास होऊ शकतो, तेही सांगितलं. ती म्हणाली, इंजेक्शन. मी लगबगीने उठले, तर बाईंनी मला खाली बसवलं आणि तिला म्हणाल्या, "आता तू सिस्टर, मी पेशंट. समजाव मला."

हे त्या प्रत्येकीला करायला लावतात. ती ऐटीत सांगत सुटली आणि शेवटी म्हणाली, एकदा टोचलं की कायमचं मिटलं.

मी चटकन बाईंकडे पाहिलं. दर तीन महिन्यांनी टोचायचं, हे बाईंनी दोनदा सांगितलेलं. पण कपाळावर आठी नाही. माझंच सांगायचं राहिलं असेल म्हणत त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा ती म्हणाली, दर तीन महिन्यांनी मला सुट्टी कोण देतंय, ती तांबी दाखवा परत. तपासणी झाली, तांबी बसवून घेतली आणि हसत गेली. मी तर बाईंवर फिदा आहे.

मग मी त्यांना एकीची गोष्ट सांगितली. तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली, चौथं झेपणार नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, गोळ्यांनी डोकं उठतं म्हणून त्याही सोडल्यात. म्हटलं, तिला ओढून आणते.

"बहीण का तुझी?" बाईंनी विचारलं. मी रडलेच. मग म्हणाल्या, "ओढू नकोस. तिला काय हवंय, ते विचारलंयस कधी?"

नाही गं. आई म्हणते ऑपरेशन कर, सासूबाई म्हणतात इतक्यात नको, भावोजी गप्प, आणि माझा उपदेश तर चालूच. तुला सगळ्यांनी सांगितलं, विचारलं कोणीच नाही. तुझ्या जिवाची मला फार भीती वाटते, ताई.

म्हणून आज विचारते. तुला काय हवंय? मनात येईल ते लिही, माझ्यावर चिडलीस तरी चालेल. आलीस तर खुर्ची तुझी, समोर बाई, आणि मीही दाराबाहेर.

या वेळी ऐकायला बसलेली,
तुझी टकळी